आंबट मातीचं फळ, चुनखडीचा मुलूख

आमच्याकडच्या काळ्या रानातलं, पांढरे चुनखडीचे खडे असलेलं एखादं ढेकूळ उचला आणि त्यावर अर्धं लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतात. कान जवळ नेला तर फसफस ऐकूही येते. थोड्या वेळानं ती थांबते. लिंबाचा सगळा आंबटपणा मातीतल्या चुन्यानं संपवलेला असतो आणि ढेकूळ होतं तसंच राहतं.

ब्लूबेरीला नेमका हाच आंबटपणा लागतो, आणि तोही मुळांपाशी, बारा महिने. तिला मानवणारा सामू (म्हणजे पीएच; आकडा जितका लहान तितका आंबटपणा जास्त) साडेचार ते साडेपाच. आमच्या रानांचा सामू आठच्या आसपास, कुठं कुठं साडेआठ. कागदावर हे अंतर तीनचं दिसतं, पण सामूच्या मोजणीत प्रत्येक आकडा दहापटीचा असतो. म्हणजे साडेपाच आणि साडेआठ यांत हजार पटींचा फरक पडला.

मी अंबाजोगाईला राहते. गच्चीवर पिशव्यांमधून ब्लूबेरीची झुडपं वाढवते, आणि ती फळं देतात. हे कळलं की ओळखीतले शेतकरी एकच प्रश्न विचारतात, "ताई, एकरभर लावली तर?" विचारणाऱ्याला नव्या फळाची हौस असते असं नाही. सोयाबीनच्या भावानं जीव मेटाकुटीला आलेला असतो, आणि मोबाईलवर कुणीतरी ब्लूबेरीच्या किलोचा भाव सांगणारा व्हिडिओ पाठवलेला असतो. अशा माणसाला "बघा, जमेल" असं मोघम उत्तर देणं मला बरं वाटत नाही. म्हणून हा हिशेब मांडते आहे.

आधी जमिनीचं. एका एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचं वजन साडेआठशे टनांच्या घरात जातं. त्यात शंभरात एक भाग जरी चुना धरला तरी साडेआठ टन झाला, आणि तेवढा चुना मारायला पावणेतीन टन गंधक लागतं. हा झाला एका टक्क्याचा हिशेब. आमच्याकडच्या कितीतरी रानांत चुना त्याच्या कितीतरी पट आहे. त्यातून गंधक टाकलं की लगेच आम्ल होत नाही. ते काम मातीतले जिवाणू करतात आणि त्यांना महिने लागतात. तोवर विहिरीचं पाणी देऊन आपणच नवा चुना आत सोडत असतो. तेव्हा मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत ब्लूबेरी लावू नये. हे मी ठामपणे सांगते. खड्डा मोठा काढून त्यात वेगळी माती भरली तरी दोन पावसाळ्यांत कडेचा चुना आत झिरपतोच.

अशा जमिनीत झाड एकदम मरत नाही, आणि त्यामुळंच माणूस आशेवर राहतो. आधी शेंड्याची पालवी पिवळी पडते. पानाच्या शिरा मात्र हिरव्या राहतात, त्यामुळे पिवळ्या पानावर हिरवी जाळी काढल्यासारखी दिसते. उसावर हे दिसलं की आमच्याकडे "केवडा पडला" म्हणतात; मोसंबीवाल्यांनाही ही जाळी ओळखीची आहे. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळं ते मुळांना घेता येत नाही. उसाला फेरस सल्फेटची फवारणी केली की तो सावरतो. ब्लूबेरी तशी सावरत नाही, कारण तिच्या मुळांची घडणच वेगळी आहे. बहुतेक पिकांच्या मुळांना बारीक केसांसारखी मूळरोमं असतात, ती मातीच्या कणाकणांतून पाणी ओढतात. ब्लूबेरीला ती नसतातच. रानावनात तिच्या मुळांत एक प्रकारची बुरशी वस्तीला असते आणि पोषणाचं पुष्कळ काम तीच करते. मुळं दोऱ्यासारखी बारीक आणि उथळ, वरच्या फूट-दीड फुटातच पसरलेली. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा हाताचं मनगट आत जाईल एवढी फट पडते. तिथं असलं मूळ तुटून जाईल.

म्हणून पिशवी. माझ्या पिशव्यांत धुतलेलं कोकोपीट, भाताचं तूस आणि थोडं परलाइट, म्हणजे हलके पांढरे खनिज दाणे, आहे. कोकोपीट धुऊन घ्यायलाच हवं, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असतं आणि ब्लूबेरीला मीठ अजिबात सोसत नाही. खत म्हणून अमोनियम सल्फेट, चिमटी-चिमटीनं. या झाडाला नत्र अमोनियाच्या रूपात हवं असतं, आणि हे खत मुळांपाशी आंबटपणाही टिकवून ठेवतं. शेणखत मी घालत नाही. आमच्या घरात झाडाला शेणखत न घालणं म्हणजे लेकराला उपाशी ठेवणं, त्यामुळं अण्णांना, माझ्या वडिलांना, ते अजून पटलेलं नाही. पण शेणखताचा सामू सातच्या वर असतो आणि त्यात क्षारही असतात.

माती अशी बदलता येते. पाण्याचं मात्र मोठं अवघड आहे, आणि मला खरं बोलायचं आहे ते पाण्याबद्दलच.

आमच्या बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून आणि चुनखडीतून मुरत येतं. ज्या पातेल्यात रोज पाणी तापवतो त्याच्या तळाशी पांढरा थर धरतो. ठिबकच्या ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली येते, ती नखानं खरवडली की भुकटी होऊन पडते. द्राक्षवाले यासाठीच नळ्यांमधून आम्ल सोडतात. या पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट असतात, आणि असं पाणी रोज कुंडीत ओतणं म्हणजे रोज थोडी चुनखडी ओतणं. आंबट केलेलं कोकोपीट एका उन्हाळ्यात सातच्या पुढं जातं. पाण्यात मोजून आम्ल मिसळायचं आणि सामू पाच-साडेपाचावर आणायचा, हा त्यावरचा उपाय. मोठ्या बागा तो करतातही, आणि हातमोजे, चष्मा घालून, सामूमापक हाताशी ठेवून केलं तर जमतं. पण आम्लानं बायकार्बोनेट जातात, कॅल्शियम जात नाही, सोडियम जात नाही, क्लोराइड जात नाही. पाणी आंबट होतं, पण जड ते जडच राहतं.

पावसाच्या पाण्याचं तसं नसतं. ढगातून येताना ते हवेतला कर्बवायू घेतं, त्यामुळं स्वच्छ पावसाचा सामू साडेपाचाच्या थोडा वर असतो. त्यात चुना नाही, मीठ नाही. ब्लूबेरीला जे पाणी हवं ते आम्हाला दरवर्षी आभाळातून फुकट मिळतं आणि पन्हाळीतून गटारात जातं.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. शंभर चौरस मीटरची गच्ची आणि सातशे मिलिमीटर पाऊस धरला तर सत्तर हजार लिटर. पहिल्या पावसाचं धुवणाचं पाणी सोडून दिलं, थोडं उडून गेलं, तरी पन्नास हजारांवर हाती राहतं. वाढलेल्या एका झुडपाला कोरड्या दिवसांत सरासरी चार लिटर पाणी धरा. हिवाळ्यात कमी लागतं, मे महिन्यात जास्त. ऑक्टोबर ते मे अशा आठ महिन्यांचं हजार लिटर होतं. दहा हजारांच्या टाकीवर दहा झुडपं जगतात. एका कुटुंबानं हौसेनं फळ खावं एवढं हे नक्की आहे.

आता हाच हिशेब एकराला लावा. पिशव्यांतल्या लागवडीत एकरी तीन हजार झाडं बसतात, म्हणजे तीस लाख लिटर पाणी, आणि ते पावसाचंच हवं. तीस मीटर लांब, तीस रुंद आणि तीन खोल अशा शेततळ्यात वीस-बावीस लाख लिटर मावतं. म्हणजे एका एकरासाठी दीड शेततळं, आणि उन्हानं उडून जाणारं पाणी यात धरलेलंच नाही. त्यात आमच्याकडची कित्येक शेततळी बोअरच्या पाण्यानं भरलेली असतात. दिसायला तळं निळंशार, पण आतलं पाणी तेच चुन्याचं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. लातूर आमच्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतही टँकरची वाट बघत घागरींच्या रांगा असायच्या, आणि भांडी घासलेलं पाणी कुणी ओतून देत नसे. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना तीस लाख लिटर हा आकडा नुसता आकडा वाटणार नाही. मी गच्चीवर टाकी बसवली तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "पावसाचं पाणी झाडाला गोड लागतं हे खरं हाय, पर माय, आधी माणसाचं बघ." आजही मे महिन्यात टाकी निम्म्याखाली गेली की पहिला हक्क घरातल्या वापराचा, मग झाडांचा. हा नियम मला पूर्ण मान्य आहे.

ऊन हा तिसरा प्रश्न. पाण्याचं जमलं तर उन्हाचंही बरंचसं जमतं. तापमान तिशीच्या पुढं गेलं की ब्लूबेरीच्या पानाचं अन्न तयार करण्याचं काम मंदावतं. आमच्याकडे मार्चमध्येच तिशी मागं पडते आणि मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो. निम्मं ऊन अडवणारं शेडनेट लागतंच. मी पांढरं वापरते. पण खरी काळजी पानांपेक्षा मुळांची घ्यावी लागते. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीची पश्चिमेकडची बाजू दुपारी चारला हात ठेववत नाही इतकी तापते, आणि ती उथळ मुळं नेमकी त्या कडेलाच असतात. म्हणून पिशव्या पांढऱ्या, एकमेकींना खेटून ठेवलेल्या, बाहेरच्या ओळीला ओलं गोणपाट. नळीत साचलेलं पाणी दुपारी चहाएवढं गरम असतं, त्यामुळं पाणी पहाटे द्यायचं आणि नळीतलं पहिलं पाणी बादलीत काढायचं. मे महिन्यात झाडानं नवी फूट दाखवावी ही अपेक्षाच मी ठेवत नाही. पानं टिकली तरी पुष्कळ झालं. मृगाचा पाऊस पडला की ते पुन्हा वाढीला लागतं.

"मग पेरूच्या वाळवंटात कशी पिकते?" हा प्रश्न नेहमी येतो, आणि तो रास्तच आहे. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनारपट्टीवर पाऊस जवळजवळ पडतच नाही, आणि त्याच किनाऱ्यानं दहा-बारा वर्षांत ब्लूबेरीच्या बाजारात सगळ्यांना मागं टाकलं. २०२१-२२ च्या हंगामात तिथून दोन लाख टनांहून जास्त ब्लूबेरी निर्यात झाली. आपल्याकडे शहरातल्या दुकानात मिळणाऱ्या सव्वाशे ग्रॅमच्या डबीवरही पुष्कळदा पेरूचंच नाव असतं. पण तिथलं वाळवंट कोरडं असलं तरी तापट नाही. समुद्रात हम्बोल्ट नावाचा थंड प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो, त्यामुळं ट्रुहियोसारख्या गावी ऐन उन्हाळ्यातही दिवस तिशीच्या आत राहतो. तिथलं पाणी अँडीज पर्वतातून येतं; सांता नदीचं पाणी चाविमोचिक कालव्यानं वाळूत नेलेलं आहे. आमच्या पैठणच्या नाथसागराखाली वाळू नाही आणि वर हिमशिखरं नाहीत. वाळवंट म्हटलं की आपल्याला आपलाच मे महिना आठवतो, आणि तिथंच तुलना फसते.

थंडीचा प्रश्न मात्र माणसांनी खरोखर सोडवलेला आहे. मूळच्या उत्तरेकडच्या ब्लूबेरीला हिवाळ्यात सात अंशांखालचे आठशे-हजार तास लागतात, त्याशिवाय ती नीट फुलत नाही. आमच्याकडे पौषातल्या मोजक्या पहाटा तेवढ्या उतरतात. फ्लोरिडा विद्यापीठात राल्फ शार्प यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला तिचा संकर फ्लोरिडातल्या एका सदाहरित रानटी जातीशी केला, आणि कमी थंडीत फळणाऱ्या वाणांची वाट तिथून निघाली. पेरूमध्ये पसरलेलं बिलॉक्सी हे वाण १९९८ चं, अमेरिकेच्या कृषी खात्यानं मिसिसिपीत काढलेलं. आमच्यासारख्यांनी लावायचं तर असलंच वाण लावावं. ते पान झडू न देता वर्षभर हिरवं राहतं, थंडीत फुलतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फळतं. ऊन टिपेला पोचायच्या आत फळ हाती येतं, हे त्यातलं मोठं सुख.

फुलाबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. फूल पांढरं, लहानशा घागरीच्या आकाराचं, तोंड खाली करून लोंबणारं. आतला पराग उघडा नसतो. परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असतं आणि फूल थरथरलं की त्यातून तो सांडतो. अमेरिकेत हे काम तिथल्या केसाळ गुंजमाश्या करतात. त्या फुलाला बिलगून अंग थरथरवतात. आमच्या गच्चीवर त्या नाहीत. काळा भुंगा येतो, तो थोराड असल्यामुळं फुलात मावत नाही, मग फुलाच्या देठाजवळ चीर पाडून बाहेरूनच मध पितो. त्याच चिरेतून पुढं बारीक फुलोरी माश्याही पितात. एक सकाळ मी हेच बघत बसले होते. भुंगा बसला की फुलांचा अख्खा घोस खाली वाकायचा, तो उडाला की वर यायचा, आणि त्या हेलकाव्यात थोडा पराग सांडत असावा. तरी मी स्वतः टाचणीच्या मागच्या टोकानं फुलांना हलके टिचक्या देते. फळ त्यानं भरदार होतं.

पिकलेल्या फळावर पांढुरकी झाक असते, द्राक्षावर असते तशी. बोटानं पुसली की खाली फळ निळं नसतंच, गडद काळपट-जांभळं असतं. २०२४ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की ब्लूबेरीत निळं रंगद्रव्यच नाही. सालीवरच्या मेणाच्या थराची सूक्ष्म रचना निळा प्रकाश विखरून परत पाठवते, म्हणून ती निळी दिसते. हे वाचल्यापासून मी फळ देठाला धरूनच तोडते.

आईला चव आवडली नाही. "करवंद याच्याहून बरं," म्हणाली आणि वाटी माझ्याकडं सरकवली. तिचं म्हणणं मला पुढं बरेच दिवस पुरलं.

कारण ब्लूबेरी हे शेतातलं पीक झालं त्याला अजून सव्वाशे वर्षंही झालेली नाहीत. त्याआधी अमेरिकेतही ती रानातून वेचून आणायची गोष्ट होती. चांगल्या बागेतल्या मातीत चुना आणि खत घालून लावली की मरायची, त्यामुळं ही बेरी माणसाळत नाही असाच समज होता. फ्रेडरिक कोविल या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवलं की तिला आंबट मातीच हवी. न्यू जर्सीतल्या पाइन बॅरन्स नावाच्या रेताड, आंबट, शेतीला टाकाऊ समजल्या गेलेल्या मुलखात एलिझाबेथ व्हाइट वडिलांच्या क्रॅनबेरीच्या शेतावर काम बघायच्या. त्यांनी ते वाचलं आणि कोविलना बोलावून घेतलं. मग त्यांनी आसपासच्या रानात हिंडणाऱ्या माणसांना फळ मोजायची भोकं पाडलेली पट्टी दिली. ज्या झुडपाचं फळ भोकातून खाली पडत नाही, ते झुडूप दाखवा आणि पैसे घ्या. ज्यानं झुडूप शोधलं त्याचंच नाव झुडपाला. रूब लीक नावाच्या माणसानं दाखवलेलं झुडूप पुढं रूबेल झालं, ते वाण आजही लावलं जातं. १९१६ मध्ये त्यांच्या शेतातली पहिली फळं बाजारात गेली. आजच्या बहुतेक बागा, पेरूच्या वाळूतल्यासुद्धा, त्या कामातून निघालेल्या आहेत.

आमच्या बालाघाटात करवंदाच्या जाळ्या आहेत. मुरमावर, चुनखडीवर, कुणी पाणी न घालता ऐन वैशाखात काळीभोर फळं धरतात. प्रत्येक जाळीचं फळ सारखं नसतं, हे गुरं राखणाऱ्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. अमुक जाळीचं गोड, तमुकचं चिकाचं, नाल्याकडच्या जाळीचं मोठं पण बियाळ. ही माहिती त्या पोरांच्या डोक्यात आहे आणि ती मोठी होऊन पुण्याला गेली की तिथंच संपते. सीताफळाच्या बाबतीत आमच्याच गावच्या संशोधन केंद्रानं हे काम केलेलं आहे. धारूर-६ हे वाण त्यातूनच आलं, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. करवंदाच्या आणि जांभळाच्या वाट्याला आमच्या डोंगरात असं कुणी आलेलं मी पाहिलेलं नाही.

तेव्हा एकरभर ब्लूबेरी विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं: गच्चीवर, छताच्या पाण्यावर, दहा झुडपं जरूर लावा. लेकरांना तोडून खाऊ द्या. सामू मोजायला शिका, त्यानं मोसंबीचंही भलं होईल. एकर मात्र अडकवू नका, आणि कर्ज काढून तर नकोच.

मी स्वतः येत्या वैशाखात पत्र्याच्या पट्टीला वीस मिलिमीटरचं भोक पाडून घेणार आहे. डोंगराकडेच्या शाळांतल्या पोरांना त्या पट्ट्या वाटायच्या. फळ भोकात अडकलं, चीक कमी असला आणि बिया थोड्या असल्या, की त्या जाळीला चिंधी बांधायची आणि मला कळवायचं. पावसाळ्यात त्या जाळ्यांवर गुटी बांधू, म्हणजे फांदीवरच मुळं फोडून त्याच जाळीची रोपं करू. एका जाळीचे शंभर रुपये, आणि जाळीला नाव शोधणाऱ्या पोराचं किंवा पोरीचं.